एका घरात दोन रीती : नागपूरच्या २९ नोव्हेंबर १९७० ची गोष्ट

  रोवणीची कामं आटोपून, पाठ टेकायच्या आधी तुम्ही रेडिओ लावला असेल. आज आम्ही बचतीचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज एक इतिहास सांगणार आहोत. तो आपल्या शेजारच्या नागपुरात घडला, आणि तरी आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे.

तो शोधायची वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगतो. आमच्या एका गटात दोन ख्रिस्ती बाया आहेत. दहा वर्षं एकाच सतरंजीवर बसतात. एकीची मुलगी आणि दुसरीचा मुलगा यांचं लग्न जमलं. सगळा गट खूश. पण साखरपुड्याच्या आधीच बोलणं थांबलं. मुलाच्या घरचे म्हणाले, मुलीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. मुलीची आई बैठकीत रडली. म्हणाली, "माह्या पोरीले तान्ही असताना पाळकसाहेबानं पाणी लावलं, नाव ठेवलं. ते का खोटं होतं?"

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याचा विधी. त्यानं माणूस ख्रिस्ताच्या मंडळीत घेतलं जातं. काही मंडळ्या तो तान्ह्या लेकराला देतात, कपाळावर पाणी शिंपडून. काही मंडळ्या म्हणतात, लेकराला काय समजतं? मोठं होऊन स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करेल, तेव्हाच पाण्यात बुडवून द्यायचा. या दोन घरांमध्ये भांडण होतं ते एवढंच. आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या आजीनं भाबडेपणानं विचारलं, "कामून बाई, तुमचा येशू तं एकच हाय ना?" दोघीही गप्प झाल्या.

आम्ही समन्वयक. धर्माचा निवाडा करणं आमचं काम नाही. पण आजीचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. मग वाचलं, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं की नेमका हाच वाद सोडवायला मोठमोठी माणसं ४१ वर्षं बसली होती, आणि त्याचा शेवट नागपुरात झाला.

भेद आले कुठून?

आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांनी हे भेद स्वतः बसून ठरवले नव्हते. ते बाहेरून आले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिकेतून मिशनरी आले. प्रत्येकाची आपापली मंडळी, आपापली रीत. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईला उतरले, पुढे त्यांनी अहमदनगरला मोठं काम उभारलं. नागपुरात १८४५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. याच स्कॉटिश मिशननं पुढे आपल्या भंडाऱ्यात काम केलं, दवाखाना चालवला.

आता गंमत पहा. त्याच स्कॉटलंडमधली दुसरी एक मंडळी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आली. भंडाऱ्याकडच्या मंडळीत कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहत. चांद्याकडच्या मंडळीत बिशप असे. देश एकच, पण दोन रीती. वऱ्हाडात अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट. एकाच्या भागात दुसऱ्यानं शिरायचं नाही, असा मिशनऱ्यांचा आपसात समझोता असे. म्हणून तुमच्या आजोबांच्या गावात कोणतं मिशन आलं, त्यावर तुमची मंडळी ठरली. आजी भंडाऱ्याची असती तर एक रीत, अकोल्याची असती तर दुसरी.

समझोत्यानं मिशनऱ्यांची भांडणं टळली. पण माणसं एका जागी राहत नाहीत. रेल्वे आली, गिरण्या आल्या, नोकऱ्या आल्या. भंडाऱ्याचा माणूस नागपूरला, नगरचा मुंबईला. पोरी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात. मग एकाच चाळीत राहणारी, एकच मराठी पवित्र शास्त्र वाचणारी दोन ख्रिस्ती घरं रविवारी दोन वेगळ्या दारांनी आत जाऊ लागली. कित्येक ठिकाणी एकीला दुसरीच्या मंडळीत प्रभुभोजन घेता येत नसे. प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. एका पंगतीत बसू न देणं म्हणजे काय, हे आपल्या देशातल्या बायांना कुणी समजावून सांगायला नको.

आधी बोलले ते मराठी लोक

हा प्रश्न पहिल्यांदा ज्यांनी मनाला लावून घेतला, त्यांत एक आपली मराठी बाई होती, पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या अँग्लिकन मंडळीत. पण तिथले नाना पंथ आणि प्रत्येकाचा आपलंच खरं म्हणण्याचा आग्रह पाहून त्या चक्रावल्या. ज्या सिस्टरांनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला. सांगणं असं की, आपण ख्रिस्ताला मानलं आहे, एखाद्या पंथाच्या प्रत्येक शब्दाला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी विधवा आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्यप्रांतात येऊन मुली घेऊन गेल्या. उपाशी मुलीला तू कोणत्या पंथाची, हे विचारत बसायला वेळ कुठला?

दुसरे नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हाती नवा करार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वरठीचं आपलं भंडारा रोड स्टेशन त्याच लोहमार्गावर आहे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र यावेत, असं त्यांना वाटत होतं. १९१९ साली ते वारले आणि ते काम पुरतं वाढलं नाही. पण त्यांची भजनं वाढली. ज्या मंडळ्या एका पंगतीला बसत नव्हत्या, त्याही टिळकांचीच गीतं गात होत्या.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्याला जास्त जवळच्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं पाळत, आपला वेगळा स्वयंपाक करत राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं हसत-रडत लिहिलं आहे. एका छपराखाली दोन श्रद्धा आणि तरी संसार, हे त्यांनी करून दाखवलं.

एकेचाळीस वर्षांची बैठक

आता मुख्य गोष्ट. १९२४ साली दोन प्रकारच्या मंडळ्या एकत्र आल्या. एक आपल्याकडच्या स्कॉटिश वळणाची, म्हणजे प्रेस्बिटेरियन. दुसरी नगरकडच्या अमेरिकन वळणाची, म्हणजे काँग्रिगेशनल. तिथे प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते. दोन्ही मिळून झाली 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'.

१९२९ साली लखनौला वेगवेगळ्या मंडळ्यांचे लोक पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसले. प्रश्न असा : आपण सगळे एकच मंडळी होऊ शकतो का? मध्ये महायुद्ध आलं, स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली. दक्षिणेतले लोक पुढे गेले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांत, मद्रासला 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झालं. उत्तरेतल्यांनी १९५१ साली वाटाघाटीसाठी समिती नेमली. एकीकरणाची योजना लिहिली, छापली, मंडळ्यांकडे पाठवली, हरकती आल्या, पुन्हा लिहिली. चौथी आवृत्ती १९६५ साली निघाली. आपल्याला ग्रामसंघाचे नियम तीनदा वाचायचे झाले तरी कंटाळा येतो.

गाठी मोठ्या होत्या. पहिली गाठ, कारभार कोणी पाहायचा? बिशपनं, पाळक-वडिलांनी की गावच्या मंडळीनं? उत्तर निघालं, तिन्ही. बिशप राहतील, पण पाळकांच्या आणि सभासदांच्या सभेसह काम करतील, आणि गावच्या मंडळीलाही आपला अधिकार असेल.

दुसरी गाठ, पाळकांची. बिशपनं डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिलेली असेल तोच खरा पाळक, असं काहींचं म्हणणं. तीस वर्षं सेवा केलेला दुसरा पाळक म्हणणार, म्हणजे आजवर मी कोण होतो? यावर तोड अशी निघाली की सगळ्याच पाळकांनी एकमेकांसाठी प्रार्थना करायची, सगळ्यांच्याच डोक्यावर हात ठेवले जायचे. कुणात काय उणं होतं, ते माणसांनी मोजायचं नाही, देवावर सोडायचं. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.

तिसरी गाठ आमच्या गटातल्या दोघींची, बाप्तिस्म्याची. एकत्र येऊ पाहणाऱ्यांत बाप्टिस्ट होते, डिसायपल्स होते, गुजरात आणि ठाण्याकडे काम करणारे ब्रेदरेन होते. हे तिघे मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारे. ब्रेदरेन तर पाण्यात तीनदा बुडवतात. बाकीचे तान्ह्या लेकरालाही देणारे. मधला मार्ग नव्हता. लेकराला अर्धा बाप्तिस्मा देता येत नाही.

मग त्यांनी मधला मार्ग शोधणंच सोडलं. दोन्ही रीती शेजारी-शेजारी मांडल्या. पहिल्या रीतीत लेकराला तान्हेपणी बाप्तिस्मा. मोठं झाल्यावर ते स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास कबूल करतं, त्याला दृढीकरण म्हणतात. दुसऱ्या रीतीत तान्ह्या लेकराला मंडळीत आणून देवाला अर्पण करतात, आशीर्वाद मागतात. मोठं झाल्यावर ते कबुली देतं आणि मग बाप्तिस्मा. ठरलं असं की दोन्ही रीती एकाच मंडळीत चालतील आणि दोन्ही पूर्ण धरल्या जातील. ज्या पाळकाच्या मनाला लेकराचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर बळजबरी नाही. त्यानं तो देण्यासाठी दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. आई-बापाची श्रद्धाही राहिली, पाळकाचं मनही राहिलं.

शेवटी २९ नोव्हेंबर १९७० चा रविवार उजाडला. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या : अँग्लिकनांचं चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन; युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया; उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्या; चर्च ऑफ द ब्रेदरेन; ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन शाखांचे मेथडिस्ट; आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. नवं नाव ठेवलं 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे आपण सीएनआय म्हणतो ते. तोपर्यंत ज्यांना वेगळ्या पंगती होत्या, त्यांची पंगत एक झाली.

जे जमलं नाही तेही सांगू

इतिहास सांगताना नुसती गोड बाजू सांगणं बरोबर नाही. अमेरिकन वळणाची मोठी मेथडिस्ट मंडळी वाटाघाटीत बरोबर होती. १९७० सालीच, अगदी शेवटच्या टप्प्यावर, ती मागे फिरली. १९८१ पासून ती 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वतंत्र चालते. अलायन्स, फ्री मेथडिस्ट या मंडळ्या या एकीकरणात नव्हत्या. कॅथलिक तर वेगळेच, जरी १९६४ साली व्हॅटिकनच्या महासभेनं इतर ख्रिस्ती मंडळ्यांकडे भाऊबंद म्हणून पाहायचं ठरवलं होतं.

आणखी एक धडा आपल्या गटांनी गाठीला बांधावा. गुजरातमध्ये ब्रेदरेन मंडळीनं सीएनआयमध्ये जायचा ठराव केला होता. पण सगळ्यांचं मन वळलं नव्हतं. पुढे जमीन, इमारती कुणाच्या यावर खटला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली निकाल लागला. नुसता ठराव केल्यानं नोंदलेली संस्था दुसरीत विलीन होत नाही आणि सार्वजनिक न्यासाची मालमत्ता कायद्याच्या वाटेनंच जाऊ शकते, असा त्याचा सार. १९७० चा ठराव, २०१३ चा निकाल. मधे त्रेचाळीस वर्षं. दोन गट जोडताना, ग्रामसंघ करताना आपण म्हणतो, सह्या मागाहून करू, आधी चहा पिऊ. चहा जरूर प्यावा. पण जी बाई कोपऱ्यात गप्प बसली आहे तिचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि कागद त्याच दिवशी पूर्ण करावा.

बायांचा शुक्रवार

मोठ्या सभांमध्ये बोलणारे बहुतेक पुरुष होते. पण बायांनी आपली वाट आधीच काढली होती. जगातल्या ख्रिस्ती बाया १९२७ पासून 'जागतिक प्रार्थना दिन' पाळतात. आता तो मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. दर वर्षी एका देशातल्या बाया प्रार्थना लिहितात आणि जगभरच्या बाया ती म्हणतात. त्यासाठी कुणी आपली मंडळी सोडत नाही. १९६९ पासून त्यात कॅथलिक बायांच्या संघटनाही आल्या. ज्या एकीसाठी पुढाऱ्यांना योजनेच्या चार आवृत्त्या काढाव्या लागल्या, ती बायांनी वर्षातून एका दिवसापुरती का होईना, सतरंजी अंथरून सुरू केली.

मंडळ्या एकत्र आल्यावर बायांनाही दारं उघडली, पण हळूहळू. चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये पहिली स्त्री बिशप झाली २०१३ साली, स्थापनेनंतर सहासष्ट वर्षांनी. तेव्हा एकी झाली म्हणजे सगळं झालं, असं नाही.

आमच्या गटात पुढे काय झालं

हे सगळं आम्ही आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. कोण बरोबर, हे आम्ही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की नागपूरच्या लोकांनी दोन्ही रीती शेजारी मांडल्या तेव्हा एक गोष्ट सारखी निघाली. पाणी आधी लागो की नंतर, दोन्हीकडे एक दिवस त्या माणसानं स्वतः उभं राहून, स्वतःच्या तोंडानं 'होय, माझा विश्वास आहे' म्हणायचं असतं. आईनं नाही, सासूनं नाही.

तेव्हा म्हाताऱ्या आजीनं पुन्हा तोंड उघडलं. "मंग त्या पोरीले इचारलं का कोणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मुलगी बाहेर ओट्यावर बसली होती. तिला आत बोलावलं. ती म्हणाली, तिचं दृढीकरण सोळाव्या वर्षी झालं आहे, ते तिनं समजून-उमजून केलं आहे, आणि ते पुसून टाकल्यासारखं तिला काही करायचं नाही. पण लग्नानंतर नवऱ्याच्या मंडळीत बसायला, तिथली सेवा करायला तिची ना नाही.

मैत्रिणींनो, सगळं मिटलं असं आम्ही सांगणार नाही. मुलाच्या घरची मंडळी सीएनआयची नाही. तिचे नियम तिचे आहेत आणि त्या लोकांच्या श्रद्धेचाही मान ठेवला पाहिजे. पण मुलाची आई त्या दिवशी म्हणाली, की दोन्ही पाळकांना एकदा आपल्या अंगणात बोलावू, पोरीला त्यांच्यासमोर बोलू देऊ. तारीख ठरली आहे. पुढच्या मार्चच्या शुक्रवारी दोघी एकत्र प्रार्थनेला जाणार, हेही ठरलं आहे. दोघी पुन्हा एकाच सतरंजीवर बसतात. मधलं अंतर अजून थोडं आहे, पण तेही कमी होतंय.

पकडल्या जाण्याच्या रात्री येशूनं आपल्या शिष्यांसाठी प्रार्थना केली, की ते सगळे एक असावेत. ख्रिस्ती मैत्रिणींना हे पाठ आहे. आम्हा इतरांना त्यातून एवढं समजलं, की एक असणं म्हणजे सारखं असणं नाही. आपल्या गटातही बौद्ध आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. कुणी उपास धरते, कुणी विहारात जाते, कुणी रविवारी गीत गाते. पण बचतीच्या वहीत सगळ्यांची सही एकाच पानावर असते.

पुढच्या बैठकीत ही चर्चा करा. तुमच्या गावात एकाच देवाला मानणारी, पण एकमेकींच्या दारी न जाणारी घरं आहेत का? त्यांच्या भांडणात जिचं आयुष्य अडकलंय, तिला कुणी विचारलंय का? काय बोलणं झालं ते आम्हाला रेडिओवर कळवा. नमस्कार.